ठणक्याआधीची वर्षे

तंबाखूत मळायचा चुना भोसरी, तळवडे, महाळुंगे, चाकण, कुठल्याही कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर मिळतो. रसायनशास्त्रात त्याचे नाव कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हेच रसायन शुद्ध स्वरूपात, सलाइनमध्ये कालवून, दंतवैद्य किडलेल्या दाढेच्या मुळांत भरतो, वर तात्पुरते सिमेंट लावतो आणि रुग्णाला आठवड्याने बोलावतो. एखाद्या कामगाराच्या तोंडात हे दोन्ही चुने एकाच वेळी असणे अगदी शक्य आहे. एक गालाच्या खोबणीत, तंबाखूतले निकोटीन चटकन रक्तात उतरावे म्हणून. दुसरा दाढेच्या मुळात, साफसफाईतून वाचलेले जंतू मरावेत म्हणून. दाढ मुळापर्यंत किडायला मधे कित्येक वर्षे जातात. त्या वर्षांत काय घडते आणि काय टाळता येते, हा या संग्रहाचा विषय आहे.

दंतसंशोधनाचे आपण दोन तुकडे करून ठेवले आहेत. कोणाचे दात किडण्याची शक्यता जास्त, हे शोधणारे एका विभागात बसतात. किडून नस मेलेल्या दातात कोणते औषध भरावे, हे शोधणारे दुसऱ्या. पहिल्यांच्या हातात प्रश्नावली आणि आरसा असतो, दुसऱ्यांच्या हातात काढलेले दात आणि जंतूंच्या बशा. दोघांची नियतकालिके वेगळी, परिषदाही वेगळ्या. रोग मात्र एकच, आणि त्याची सुरुवात व शेवट एकाच माणसाच्या आयुष्यात होतात. रूट कॅनलमधल्या औषधाचा प्रश्न हा दंतक्षयाच्या धोक्याच्या प्रश्नाचाच उत्तरार्ध आहे, अशी या संग्रहामागची धारणा आहे. ती मला पूर्णपणे पटते, म्हणूनच ही प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो.

आधी पूर्वार्ध. दात किड्यामुळे किडतो ही समजूत जगभर होती. सुश्रुतसंहितेत कृमिदंत नावाचा विकार आहे, आणि दाढेतून अळी काढून दाखवणारी माणसे आपल्या बाजारांत आणि जत्रांत अगदी अलीकडेपर्यंत बसत असत. या समजुतीला शास्त्रीय पर्याय दिला तो बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने, १८९० साली. तोंडातले जंतू पिष्ट आणि साखर आंबवतात, त्यातून आम्ल होते आणि ते आम्ल दात विरघळवते, हे त्याचे म्हणणे आजही तळाशी कायम आहे. १९२४ साली इंग्लंडमध्ये क्लार्कने स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स वेगळा केला, आणि पुढची काही दशके आरोपी सापडल्याच्या भरात गेली. हा एक जंतू मारला, त्याची लस काढली, की काम झाले असे वाटत होते. तसे झाले नाही.

मला स्वतःला या इतिहासात सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो १९४०च्या दशकातला रॉबर्ट स्टीफनचा प्रयोग. त्याने दातावरच्या थराची आम्लता मोजली. साखरेच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांतच पीएच कोसळतो, साडेपाचच्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजे सुटू लागतात, आणि लाळेला तो पूर्वपदावर आणायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तो पूर्वपदावर आला की सुटलेली खनिजे पुन्हा बसू लागतात. म्हणजे दात दिवसभर झिजतही असतो आणि भरूनही येत असतो. किती साखर खाल्ली याला महत्त्व आहेच, पण किती वेळा खाल्ली यावर सारे ठरते. हा आलेख पिंपरीच्या एका पाळीवर ठेवून पाहावा. घरून निघताना चहा-बिस्किट, बसमधून उतरल्यावर टपरीवर कटिंग, दोन टी-ब्रेक, जेवणानंतर पुन्हा चहा, ओव्हरटाइम असेल तर अजून एक. सहा वेळा अर्धा-अर्धा तास म्हणजे तीन तास दात आम्लात. रात्रपाळी असेल तर यात झोप घालवण्यासाठी घेतलेले थंड पेय वाढते, आणि सकाळी घरी येऊन दात न घासता माणूस आडवा होतो. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे हीच वेळ सगळ्यांत वाईट.

साखर किती वेळा पोटात जाते याचे महत्त्व सिद्ध करणारा पुरावा ज्या मार्गाने मिळाला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटते. स्वीडनमधल्या विपेहोल्म या संस्थेत १९४५ ते १९५३ या काळात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांना मुद्दाम चिकट टॉफी खायला घालून त्यांचे दात किडू दिले गेले. जेवणाबरोबरच्या साखरेने कीड फारशी वाढत नाही, दोन जेवणांच्या मधल्या चिकट गोडाने ती झपाट्याने वाढते, हे ज्ञान त्या माणसांच्या दातांच्या किमतीवर मिळालेले आहे. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. कामगारांवर, शाळेतल्या मुलांवर संशोधन करू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा इतिहास आधी वाचावा.

फ्लोराइडची कथा याच्या समांतर चालते. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या तपकिरी डागांच्या दातांचा माग काढताना मॅके आणि नंतर डीन यांच्या लक्षात आले की हे दात डागाळलेले असले तरी कमी किडतात. १९४५ साली ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घातले गेले. महाराष्ट्रात मात्र हा उपाय सरसकट नेता येत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत भूजलातच फ्लोराइड इतके आहे की दात डागाळतात आणि हाडे आखडतात. म्हणून आपल्याकडे मार्ग उरतो तो टूथपेस्टचा; १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा. हा उपाय साधा आहे, पण ज्या घरात बायका अजून मिश्रीने दात घासतात तिथे तो पोहोचलेला नाही. मिश्रीचा विषय निघाला म्हणून सांगतो: टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ साली मुखकर्करोग आणि त्याच्या पूर्वावस्थांवर निबंध प्रसिद्ध केला. आपल्याच जिल्ह्यात घरोघर जाऊन, लाखभर माणसांना तोंड उघडायला सांगून केलेले हे काम आहे. दंतक्षयासाठी तसे काही करण्याची जिद्द अजून कोणी दाखवावी, असे मला फार वाटते.

१९९४ साली फिलिप मार्श यांनी मांडलेली परिसंस्थेची कल्पना आज बहुतेकांना मान्य आहे. तोंडातले जंतू बाहेरून आलेले शत्रू नव्हेत. ते तिथलेच रहिवासी आहेत. वारंवार आम्ल झाले की आम्ल सोसणारे टिकतात, बाकीचे हटतात, आणि समतोल ढळतो. म्हणून जंतू मारत बसण्यापेक्षा परिस्थिती बदलणे भाग पडते. धोका मोजण्याची साधने याच विचाराच्या आसपास जन्मली. स्वीडनच्या माल्मोमध्ये ब्राटहाल यांनी नव्वदच्या दशकात कॅरिओग्राम बनवला. त्यात आहार, जंतू, दाताची ग्रहणशीलता आणि इतर परिस्थिती यांचे वाटे एका वर्तुळात दिसतात, आणि उरलेला हिरवा भाग म्हणजे नवी कीड टळण्याची शक्यता. कॅलिफोर्नियातून कॅम्ब्रा ही पद्धत आली. दोन्ही उपयोगी आहेत, दोन्हींच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. भविष्यातल्या किडीचा सगळ्यांत भरवशाचा सूचक अजूनही एकच आहे, तो म्हणजे आधी किडलेले दात. याचा अर्थ असा, की साधन बोलू लागते तोवर पहिला घाव झालेला असतो.

याच जागी आणखी एक प्रवाह येतो, ऑब्री शायहम यांच्यासारख्यांचा. त्यांनी आयुष्यभर हेच सांगितले की दात किडण्याचे कारण माणसाच्या सवयीत शोधाल तर निम्मेच सापडेल. उरलेले त्याच्या मिळकतीत, कामाच्या वेळांत आणि साखरेच्या बाजारात आहे. माझा कौल या प्रवाहाला आहे. कंत्राटी कामगाराला दवाखान्यात यायचे तर खाडा पडतो. रूट कॅनलला दोन-तीन सिटिंग लागतात, म्हणजे तितके खाडे, वर कॅपचा खर्च. ‘डॉक्टर, काढूनच टाका एकदाची’ असे तो म्हणतो, त्यात अज्ञान फार थोडे असते. बाकी हिशेब असतो. कॅरिओग्रामच्या वर्तुळात ‘परिस्थिती’ला दिलेला वाटा पिंपरी ते चाकणच्या या औद्योगिक पट्ट्यासाठी अपुरा आहे. इथे त्या वाट्यात पाळ्यांचे वेळापत्रक, ठेकेदार, खोलीवर सहा जणांत एक नळ हे सारे येते. भोसरीतल्या लहान इलेक्ट्रोप्लेटिंग कारखान्यांत आम्लाच्या वाफेत काम करणाऱ्यांच्या पुढच्या दातांची झीज हा तर वेगळाच विषय आहे. तो दंतक्षय नव्हे, पण तपासणाऱ्याला दोहोंतला फरक ओळखता आला पाहिजे.

आता उत्तरार्ध. कीड एनॅमलमधून डेंटिनमध्ये आणि तिथून नसेपर्यंत पोहोचली की ठणका सुरू होतो, आणि काही दिवसांनी तो आपोआप थांबतो. रुग्णाला वाटते बरे झाले. खरे तर नस मेलेली असते. मेलेल्या नसेच्या पोकळीत जंतू वाढतात आणि मुळाच्या टोकाशी हाड खाऊ लागतात. हे जंतूंमुळेच होते, हे निर्विवादपणे दिसले ते १९६५ साली. काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झेराल्ड यांनी उंदरांच्या दाढा पोखरून नसा उघड्या पाडल्या. नेहमीच्या उंदरांच्या नसा सडल्या. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या नसांवर मात्र नवे डेंटिन चढून छिद्र बुजले. एंडोडॉन्टिक्स या सबंध शास्त्राचा पाया त्या एका निबंधात आहे.

त्याआधीचा इतिहास जाळपोळीचा म्हणावा लागेल. फिनॉल, कापूर मिसळलेले मोनोक्लोरोफिनॉल, १९०४च्या सुमाराचे बकलीचे फॉर्मोक्रेसॉल, अशी औषधे मुळात ठेवली जात. जंतू मरत, आणि आसपासच्या पेशीही मरत. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने दातांतल्या जंतुदोषाला शरीरभरच्या आजारांचे मूळ ठरवले, आणि पुढची दोन-तीन दशके पाश्चात्त्य देशांत रूट कॅनलच्या जागी चिमटा चालला; हजारो वाचण्याजोगे दात उपटले गेले. त्यातून शास्त्राला सावरले ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या जखमा धुण्यासाठी डेकिनने वापरलेले सोडियम हायपोक्लोराइट; ते मेलेले ऊतक विरघळवते आणि जंतूही मारते. आजही मूळ धुण्यासाठी त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही. दुसरी म्हणजे १९२० साली जर्मनीत हर्मानने आणलेला चुना, ज्याने आपण सुरुवात केली. त्याचा पीएच साडेबाराच्या आसपास, म्हणून त्याच्या संपर्कात बहुतेक जंतू टिकत नाहीत. १९८०च्या दशकात स्कँडिनेव्हियातल्या संशोधकांनी तो जुन्या फिनॉली औषधांपेक्षा सरस असल्याचे दाखवले आणि तो जगभर रुळला.

तिसरा प्रवाह प्रतिजैविकांचा, आणि त्याचा आपल्या गावाशी योग असा की पिंपरीची औद्योगिक ओळखच प्रतिजैविकांपासून सुरू होते. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या साहाय्याने झाली, आणि पुढच्याच वर्षी इथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. नगरपालिका आली १९७० साली, महानगरपालिका १९८२ साली. कारखाना त्यांच्या कितीतरी आधीचा. तिकडे अमेरिकेत ग्रॉसमनने १९५१ सालीच पेनिसिलिन, बॅसिट्रेसिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि सोडियम कॅप्रिलेट यांची पेस्ट मुळात भरायला सुचवली होती. पेनिसिलिनची ॲलर्जी आणि प्रतिकारक जंतू यांमुळे ती मागे पडली. पुढे जपानमधल्या निगाता विद्यापीठात होशिनो आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडॅझोल आणि मिनोसायक्लिन यांचे त्रिकूट तपासले. मुलांच्या अर्धवट वाढलेल्या मुळांमध्ये पुन्हा जिवंत ऊतक वाढवण्याच्या प्रयत्नांत हे त्रिकूट गाजले. मिनोसायक्लिनने दात काळवंडतो आणि संहती जास्त झाली तर ज्या मूलपेशींच्या भरवशावर उपचार आहे त्याच मरतात, हे नंतर कळले. आता ते जपून, पातळ करून वापरतात, किंवा पुन्हा चुन्याकडे वळतात.

चुन्यालाही दाद न देणारा एक जंतू आहे, एंटेरोकॉकस फीकॅलिस. पेशीत प्रोटॉन ओढून घेऊन तो आतला समतोल राखतो आणि डेंटिनच्या सूक्ष्म नळ्यांत दडून बसतो. १९८७ साली हापासालो आणि ओर्स्टाविक यांनी डेंटिनचे ठोकळे या जंतूने संसर्गित करून औषधे तपासायची पद्धत बसवली. ती पद्धत इतकी सोयीची ठरली की देशातल्या कित्येक दंत महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रबंध तिच्यावर झाले: त्रिफळा, हळद, कडुनिंब, प्रोपोलिस, नोनीचा रस, चिटोसॅनचे नॅनोकण. या प्रबंधांमागच्या कष्टांचा मला आदर आहे, पण एक आक्षेप मांडलाच पाहिजे. ठोकळ्यातला एकटा जंतू आणि माणसाच्या दाढेतला अनेक जातींचा चिवट थर यांत फार अंतर आहे. काचेच्या बशीत हळद जिंकली म्हणून ती मुळात जिंकेल असे नाही. ज्या चिवट दुखण्यांसाठी ही सारी औषधे शोधली जातात, ती का झाली, पहिल्या सिटिंगनंतर माणूस परत का आला नाही, तात्पुरते सिमेंट तीन महिने तसेच राहून कसे गळले, हे प्रश्न प्रबंधांत क्वचितच येतात. सहा महिने गावी गेलेल्या कामगाराच्या दाढेत चुना निकामी झालेला असतो आणि लाळ मुळापर्यंत पोहोचलेली असते. तिथे औषधाची निवड दुय्यम ठरते. एकाच सिटिंगमध्ये उपचार पुरा करावा की मधे औषध ठेवून दोनदा बोलवावे, या जुन्या वादात कॉक्रेन आढाव्यांना यशाच्या बाबतीत ठळक फरक सापडलेला नाही. आपल्या पट्ट्यात, जिथे दुसरी फेरी म्हणजे दुसरा खाडा, तिथे या निष्कर्षाचे वजन स्टॉकहोमपेक्षा कितीतरी जास्त आहे.

हे सगळे आत्ताच का वाचायचे? देशाच्या २००२-०३च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या ५१.९ टक्के, बारा वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांना, आणि ३५ ते ४४ या वयोगटातल्या ८०.२ टक्के माणसांना दंतक्षय आढळला होता. हा शेवटचा वयोगट म्हणजे कारखान्याच्या लाइनवर उभा असलेला माणूस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे दोन अब्ज लोकांच्या कायमच्या दातांत उपचार न झालेली कीड आहे. दुसरे कारण गोळ्यांचे. दाढ ठणकली की माणूस आधी मेडिकलमध्ये जातो आणि अमोक्सिसिलिन-मेट्रोनिडॅझोलची पाने घेऊन येतो. मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे गिळलेली गोळी तिथे पोहोचत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली बहुतेक दातदुखीत प्रतिजैविके देऊ नयेत असे स्पष्ट सांगितले आहे. गोळीने दाढ बरी होत नाही, आतड्यांतले जंतू मात्र औषधाला सरावतात. ज्या गावात देशाचे पेनिसिलिन तयार झाले त्या गावाने हे समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

तिसरे कारण आशेचे आहे. दोन विभागांमधली भिंत शास्त्रानेच पाडायला घेतली आहे. खोल किडीत आता सगळे मऊ डेंटिन खरवडून काढत नाहीत. नसेलगतचा थर तसाच ठेवून वरून घट्ट बंद करतात, आणि नस वाचते. नस उघडी पडलीच तर १९९०च्या दशकात टोराबिनेजाद यांनी आणलेल्या एमटीएसारख्या सिमेंटने ती झाकता येते. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावून, ड्रिल न वापरता, लहान मुलाची कीड थोपवता येते. दात त्या जागी काळा पडतो, पण ठणका टळतो. फ्लोराइड पेस्ट, हा थेंब आणि ग्लास आयनोमर सिमेंट या तिन्ही गोष्टी २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आल्या. यांतल्या कशालाच महागडी खुर्ची लागत नाही. शाळेच्या व्हरांड्यात, कंपनीच्या फर्स्ट-एड खोलीत हे करता येते.

या संग्रहातले लेखक वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत: कोणी प्रयोगशाळेतून, कोणी दवाखान्यातून, कोणी शाळांच्या तपासणी शिबिरांतून. त्यांची मते सगळीकडे जुळत नाहीत, आणि संपादकांनी ती जुळवण्याचा हट्ट धरलेला नाही, हे बरेच झाले. चुना पुरेसा आहे की नाही यावर दोन लेखांत सरळ मतभेद आहे. पुस्तक दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तसेच कारखान्यांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी, शाळांतल्या शिक्षकांसाठी आणि स्वतःच्या दाढेचा एक्स-रे हातात घेऊन काही न समजता बसलेल्या माणसासाठीही आहे. म्हणून भाषा मराठी ठेवली आणि रुग्ण-डॉक्टर रोज बोलतात ते शब्द तसेच राहू दिले: नस, सूज, कॅप, फिलिंग, सिटिंग. इम्प्लांट, दात सरळ करणे, हिरड्यांचे विकार हे विषय जाणूनबुजून बाहेर ठेवले आहेत.

संग्रहाची सुरुवात सहाव्या-सातव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेने होते. दुधाच्या दाढांच्या मागे ती गुपचूप उगवते, कुठला दात पडून तिच्यासाठी जागा करत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडली जाते. रूट कॅनलसाठी सर्वाधिक वेळा येणाऱ्या दातांत हीच दाढ असते. तिच्या खाचा सीलंटने बुजवायला काही मिनिटे लागतात. पुढे हेच मूल एखाद्या कंपनीत भरती होते तेव्हा त्याची वैद्यकीय तपासणी होते. शाळेतल्या तपासणीची नोंद आणि भरतीवेळची नोंद शेजारी ठेवून वाचली, तर कोणती दाढ कुठल्या वर्षी हातातून गेली हे या पट्ट्यात प्रथमच पाहता येईल. लेखकांची मागणी हीच आहे, आणि ती पुरी करायला महापालिकेचे शाळा विभाग, कारखान्यांचे वैद्यकीय कक्ष आणि संत तुकारामनगरातले डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय यांनी एका टेबलाशी बसणे पुरेसे आहे.